पाण्याचा माग धरून सोलापूर पाहताना

सोलापुरात हिंडण्याजोगे काय आहे, असे पाहुण्याने विचारले की यजमानाचे उत्तर बहुधा ठरलेले असते : सिद्धेश्वराचे दर्शन घ्या, चादर विकत घ्या आणि पुढे तुळजापूर, अक्कलकोट किंवा पंढरपूर गाठा. हे उत्तर चुकीचे नाही, परंतु त्यात शहर निसटून जाते. ज्याला बागा, तळी, जुनी तटबंदी आणि माळरान असे उघड्यावरचे सोलापूर पाहायचे आहे, त्याने माझ्या मते पाण्याचा माग धरावा. हा कमी पावसाचा, काळ्या दगडाचा आणि बाभळी-कडुनिंबांचा मुलूख आहे. येथे ज्या ज्या ठिकाणी कोणीतरी पाणी अडवले, त्या त्या ठिकाणीच देऊळ उभे राहिले, किल्ला वसला, बाग फुलली आणि पक्षी उतरले. बाराव्या शतकातील तलावापासून एकोणिसाव्या शतकातील धरणापर्यंत हा क्रम लावून पाहिला, तर एरवी सुटी सुटी वाटणारी ठिकाणे एकमेकांशी जोडली जातात आणि कोठून कोठे जावे हेही आपोआप ठरते.

प्रथम वेळेचा विचार करावा, कारण सोलापुरात स्थळ निवडण्यापेक्षा वेळ निवडणे अधिक महत्त्वाचे आहे. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांच्या वर जातो आणि सकाळी दहानंतर दगडी फरसबंदीवर पाय ठेवणे कठीण होते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत सोयीचा असतो, तर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पाऊस बरा झालेला असल्यास तळी भरलेली आणि माळ हिरवा दिसतो. उन्हाळ्यात यावे लागलेच, तर सूर्योदयापासून साडेनऊपर्यंत आणि संध्याकाळी साडेपाचनंतर एवढ्याच वेळा हिशेबात धराव्यात. एका मे महिन्यात मी बाहेरगावच्या स्नेह्यांना घेऊन भर दुपारी देवळाच्या आवारात गेलो होतो. चपला काढल्यावर आम्हा सर्वांची जी पळापळ झाली, ती पाहून फुलवाल्या मावशींनी आम्हाला सावलीची कडेची वाट दाखवली. तेव्हापासून पिशवीत जाड पायमोजे ठेवण्याची मला सवय लागली आहे आणि ती इतरांनीही लावून घ्यावी. महापालिकेच्या बागा सहसा सकाळी आणि संध्याकाळी उघड्या असतात व मधल्या वेळेत बंद ठेवल्या जातात, म्हणून जाण्याच्या आदल्या दिवशी रिक्षावाल्याकडे किंवा बागेच्या वॉचमनकडे चौकशी करून घेणे बरे.

किल्ला आणि तलाव : पहिली सकाळ

सुरुवात भुईकोट किल्ल्यापासून करावी आणि सकाळी लवकर करावी. किल्ला, त्याला लागून असलेली हुतात्मा बाग, सिद्धेश्वर तलाव आणि तलावातील मंदिर हे सर्व एकाच परिसरात आहे, त्यामुळे रिक्षा एकदा सोडली की पुढचे तीन तास पायीच जाता येते. बागेत सकाळी फिरायला येणाऱ्या ज्येष्ठ मंडळींची वर्दळ असते. बाकांवर बसलेल्या त्या मंडळींशी दोन शब्द बोलल्यास किल्ल्याविषयी, गिरण्यांच्या भोंग्यांविषयी आणि जुन्या पेठांविषयी बरेच काही कानांवर पडते. हे बोलणे कधी मराठीत, कधी कानडीत तर कधी तेलुगूत चालते आणि एकाच बाकावर तिन्ही भाषा ऐकू येणे हे येथे नवलाचे नाही.

किल्ला भुईकोट असल्याने चढण नाही, म्हणून वयस्कर माणसे आणि लहान मुले यांनाही तो झेपतो. त्याचे बांधकाम बहमनी काळातील, साधारण चौदाव्या शतकातील मानले जाते. तटबंदी दुहेरी असून बाहेरचा तट बुटका आणि आतला उंच आहे. रचना समजून घेण्यासाठी आत शिरण्यापूर्वीच थोडे थांबावे : किल्ल्याच्या तीन बाजूंना खंदक आहे आणि चौथ्या, पूर्वेकडच्या बाजूला खंदकाऐवजी सिद्धेश्वर तलाव आहे. म्हणजे एका शिवयोग्याने लोकांसाठी केलेल्या तलावाचा उपयोग पुढे दोन-अडीच शतकांनी राज्यकर्त्यांनी किल्ल्याच्या संरक्षणासाठी करून घेतला. ही एक गोष्ट ध्यानात घेतली की या जागी किल्ला का बांधला, हे वेगळे विचारावे लागत नाही.

आत गेल्यावर घाईने बुरुजावर चढण्याऐवजी भिंतींकडे नीट पाहावे. तटातील साध्या घडीव दगडांमध्ये मधूनच एखादा कोरीव दगड दिसतो. एखाद्या ठिकाणी वेलबुट्टी असते, एखाद्या ठिकाणी मूर्तीचा भाग किंवा खांबाचा तुकडा असतो. ते जुन्या मंदिरांचे अवशेष आहेत. सकाळचे तिरके ऊन पडलेले असताना हे कोरीवकाम उठून दिसते, परंतु दुपारी तेच दगड सपाट भासतात. मुलांना सोबत नेले असेल तर 'असे किती दगड सापडतात' एवढे काम त्यांना द्यावे, मग ती कंटाळत नाहीत. किल्ल्याच्या आत उत्खननातून उघडे झालेले एका प्राचीन मंदिराचे अवशेषही पाहायला मिळतात. तेथे खांबांची बैठक, जोत्याचे थर आणि दगडांचे सांधे जवळून पाहता येतात. अवशेषांवर चढू नये, बसू नये आणि फोटोसाठी दगड हलवू नयेत. तटांच्या कोपऱ्यांत आग्या मोहोळ असण्याची शक्यता असते, तेव्हा वर पाहूनच पुढे जावे आणि उग्र अत्तर लावून जाऊ नये.

या किल्ल्याचा इतिहास लढायांइतकाच लग्नांचाही आहे. विजापूरच्या इस्माईल आदिलशहाची बहीण मरियम हिचा विवाह अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाशी झाला, तेव्हा सोलापूरचा किल्ला आंदण द्यायचे ठरले होते. तो प्रत्यक्षात दिला गेला नाही आणि त्यावरून दोन्ही राज्यांत वर्षानुवर्षे युद्धे झाली. पुढे निजामशाहीची राजकन्या चांदबिबी हिचे लग्न अली आदिलशहाशी झाले, तेव्हाही सोलापूर आंदणातच होते. या वेळी मात्र किल्ला अहमदनगरकडून विजापूरकडे जायचा होता. लग्नाच्या बोलीतील भांडणे आपल्याकडे नवी नाहीत, एवढेच यावर म्हणता येईल. शेवटचा पेशवा दुसरा बाजीराव इंग्रजांच्या पाठलागाच्या धामधुमीत काही काळ येथे होता आणि मे १८१८ मध्ये इंग्रज सेनानी मन्रो याच्या फौजेने किल्ला जिंकून घेतला. हे सर्व तेथे उभे राहून आठवायचे असेल, तर पूर्वेकडच्या तटावर जावे. तेथून तलाव आणि त्याच्या मध्यावर असलेले सिद्धेश्वराचे मंदिर समोर दिसते. संपूर्ण शहरात यापेक्षा चांगली जागा मला ठाऊक नाही.

किल्ल्यातून बाहेर पडून तलावाला वळसा घालून मंदिरात जावे. श्री सिद्धरामेश्वर हे बाराव्या शतकातील शिवयोगी, बसवेश्वर आणि अल्लमप्रभू यांचे समकालीन व कन्नड वचनकार, म्हणजे भक्तिपर वचने रचणारे होते. त्या काळी या गावाचे नाव सोन्नलगी असे होते. लोकांना कामाला लावून त्यांनी हा तलाव करून घेतला आणि गावाभोवती अडुसष्ट लिंगांची स्थापना केली. मंदिराच्या आवारातच त्यांची समाधी आहे. देवळाच्या चारही बाजूंनी पाणी असल्यामुळे प्रदक्षिणा घालताना तलावाचे चारही काठ पाहून होतात. पाण्यावर टिबुकल्या बुड्या मारताना दिसतात, काठाला बगळे आणि खंड्या असतात. पाण्यात निर्माल्य, पीठ किंवा ब्रेडचे तुकडे टाकण्याचा मोह आवरावा. साचलेल्या पाण्यात कुजणारे अन्न माशांच्या जिवावर उठते.

ज्यांच्याकडे एकाहून अधिक दिवस आहेत आणि पायांत बळ आहे, त्यांनी अडुसष्ट लिंगांपैकी काही लिंगे शोधत हिंडावे. शहर समजून घेण्याची याहून चांगली युक्ती नाही. काही लिंगे आज भर वस्तीत आहेत, काही रस्त्याच्या कडेला लहानशा देवळीत आहेत आणि एखादे शोधताना दहा जणांना विचारावे लागते. एकाच दिवशी सर्व लिंगे पाहण्याचा हट्ट धरू नये. एका पेठेतली पाच-सहा पाहिली तरी सकाळ भरून जाते.

जानेवारीतील आठवडा

पाहुण्यांनी येण्याची तारीख स्वतः ठरवायची असेल, तर जानेवारीचा दुसरा आठवडा निवडावा, मात्र राहण्याची सोय बरीच आधी करावी. संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा भरते. आदल्या दिवशी मानाचे सात नंदीध्वज वाजतगाजत निघून अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक करतात. या विधीला 'यण्णीमज्जन' असे म्हणतात आणि शब्द कानडी आहे : यण्णी म्हणजे तेल, मज्जन म्हणजे स्नान. दुसऱ्या दिवशी संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा होतो. सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचा प्रतीकात्मक विवाह लागतो आणि पांढरी बाराबंदी घातलेल्या भक्तांच्या गर्दीवर अक्षता पडतात. त्यानंतर होम मैदानावर होमप्रदीपन आणि शोभेचे दारूकाम असे एकामागून एक दिवस येतात.

नंदीध्वज म्हणजे उंच, सजवलेली आणि अतिशय जड काठी. ती एकेकटा माणूस कमरेच्या आधाराने पेलत चालतो आणि तोल गेल्यास आवरायला आजूबाजूला माणसे असतात. पाहणाऱ्याने या माणसांच्या मार्गात येऊ नये, फोटोसाठी समोर उलटे चालू नये आणि रस्त्याच्या कडेचा ओटा किंवा पायरी धरून उभे राहावे. लहान मुलांना दाटीत नेण्यापेक्षा मिरवणुकीच्या मार्गावर एखाद्या मोकळ्या चौकात आधी जाऊन थांबावे. यात्रेचे पाळणे आणि दुकाने पाहायची असतील तर मुख्य दिवस टाळून नंतर जावे. गड्डा पुढेही बरेच दिवस चालतो.

याच आठवड्यात १२ जानेवारी येते आणि तो दिवस सोलापूरसाठी वेगळ्या कारणाने जड आहे. मल्लप्पा धनशेट्टी, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवडा तुरुंगात फाशी देण्यात आले. मे १९३० मध्ये महात्मा गांधींच्या अटकेनंतर सोलापुरात जे आंदोलन उसळले, त्यात रूपाभवानी परिसरात शिंदीची झाडे तोडण्यावरून संघर्ष होऊन गोळीबार झाला, सरकारी सत्ता काही दिवस शहरातून जवळजवळ नाहीशी झाली आणि नंतर इंग्रजांनी येथे मार्शल लॉ पुकारला. हुतात्मा बागेचे नाव, चार पुतळ्यांचा चौक आणि पुण्याला जाणारी हुतात्मा एक्स्प्रेस हे सर्व त्या चौघांशी बांधलेले आहे. बागेतून निघून चार पुतळ्यांपर्यंत चालत जावे आणि चारही नावे वाचावीत. एक लिंगायत, एक मुसलमान, एक मराठा आणि एक मारवाडी अशी ती नावे सोलापूरच्या पेठांची रचनाच सांगतात. त्याच फेरीत महापालिकेची इंद्रभुवन ही इमारत बाहेरून पाहून घ्यावी. मल्लप्पा ऊर्फ अप्पासाहेब वारद यांनी बांधलेल्या या वाड्यावरचे नक्षीकाम रस्त्यावरूनही नीट दिसते आणि रात्री दिवे लावलेले असल्यास अधिकच खुलते.

विजापूर रस्ता आणि तुळजापूर रस्ता

दुसरी सकाळ विजापूर रस्त्याला द्यावी. कंबर तलाव, म्हणजेच धर्मवीर संभाजी तलाव, हा शहरातील पक्षीनिरीक्षणाचा पहिला धडा आहे. जलपर्णी किती वाढली आहे यावर तेथे काय दिसेल हे अवलंबून असते, तरीही जांभळी पाणकोंबडी, हळदीकुंकू बदक आणि वारकरी सहसा निराश करत नाहीत. वारकरी हा काळा, कपाळावर पांढरा टिळा असलेला पाणपक्षी आहे. थव्याने पाण्यावर डुलत जाणाऱ्या या पक्ष्याला हे नाव ज्याने दिले, तो पंढरीच्या वाटेवरचाच कोणी असावा, असे मला नेहमी वाटते. जवळच स्मृती उद्यान आहे आणि त्याच रस्त्यावर पुढे वनखात्याचा सिद्धेश्वर वनविहार आहे. वनविहार बाग म्हणून पाहायला जाऊ नये. तेथे फुलांचे ताटवे नाहीत, तर झुडपे, पायवाटा आणि शांतता आहे. दोघे-तिघे मिळून जावे, मोठ्याने गाणी लावू नयेत आणि अंधार पडण्यापूर्वी बाहेर पडावे. दुर्बीण असल्यास उत्तम, नसल्यास एका झाडाखाली पंधरा मिनिटे न बोलता बसून राहावे. पक्षी आपणहून जवळ येतात.

तुळजापूर रस्त्याने सात-आठ किलोमीटर गेल्यावर हिप्परग्याचा तलाव लागतो. कागदोपत्री त्याचे नाव एकरूख. इंग्रजांच्या काळात आदिला नदीवर मातीचे धरण घालून केलेला हा तलाव १८७१ मध्ये पूर्ण झाला. शेतीच्या सिंचनासाठी केलेल्या या तलावाने पुढे शहराचीही तहान भागवली. हिवाळ्यात पाणी उतरू लागले की काठच्या चिखलावर पाहुणे पक्षी जमतात. चक्रवाक आणि पट्टकादंब दिसण्याची चांगली संधी असते, रोहित पक्षी मात्र नशिबाचा भाग आहे. तुळजापूरला जाणारी बहुतेक वाहने येथून न थांबता निघून जातात. सूर्योदयाच्या सुमारास पोहोचावे, ऊन पाठीमागे राहील अशी जागा धरावी आणि पाण्यात उतरू नये, कारण काठचा गाळ खोल असतो. कोळी बांधवांची जाळी आणि होड्या काठाला असतात. त्यांना हात लावू नये. परंतु आज कोणता पक्षी कोठे बसला आहे, हे त्यांच्याइतके नेमके कोणी सांगू शकत नाही, म्हणून नमस्कार करून विचारावे.

नान्नजचा माळ

पाणी नसलेले सोलापूर पाहायचे असेल तर बार्शी रस्त्याने वीसेक किलोमीटरवर असलेल्या नान्नजला जावे. माळढोक पक्ष्यासाठी १९७९ मध्ये येथे अभयारण्य घोषित झाले. आता माळढोक येथे इतका दुर्मीळ झाला आहे की तो दिसेल या आशेने येणाऱ्याचा हिरमोड ठरलेला आहे. आशा बाजूला ठेवून माळ पाहायला आले, तर मात्र डोळ्यांचे पारणे फिटते. काळविटांचे कळप गवतावरून उड्या घेत जातात, हिवाळ्यात भोवत्या हा शिकारी पक्षी गवताच्या शेंड्यांवरून तरंगत फिरतो, चंडोल गात गात सरळ वर चढतो आणि फारच भाग्य असेल तर दूरवर लांडगा क्षणभर थांबून मागे वळून पाहतो. पवन्या, मारवेल आणि कुसळी या गवतांची ओळख करून घ्यावी. कुसळीची ओळख ती स्वतःच करून देते, कारण तिची टोके पायमोज्यांत घुसून दिवसभर टोचत राहतात. येथे बूट आणि जाड कापडाची पूर्ण विजार वापरावी, भडक रंग टाळावेत आणि वनखात्याची परवानगी व वाटाड्या घेतल्याशिवाय आत जाऊ नये. माळावर वाळलेले गवत एका ठिणगीने पेटते, म्हणून विडी-काडी गाडीतच ठेवावी. परतताना डिसेंबर-जानेवारीत रस्त्याकडेच्या शेतात हुरडा भाजत असेल तर थांबावे. शेंगाचटणी आणि दह्याबरोबर गरम हुरडा खाल्ल्यावर दुपारच्या जेवणाची गरज उरत नाही.

एक दिवस हाती उरला असेल तर दक्षिणेकडे सुमारे चाळीस किलोमीटरवरील हत्तरसंग कुडलला जावे. भीमा आणि सीना यांचा संगम येथे होतो. संगमेश्वर आणि हरिहरेश्वर ही दोन प्राचीन मंदिरे काठावर आहेत. हरिहरेश्वर मंदिराच्या परिसरात सापडलेल्या शिवलिंगावर साडेतीनशेहून अधिक मुखे कोरलेली आहेत. संगमेश्वर मंदिरातील तुळईवर शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८ मधील शिलालेख आहे आणि त्याची शेवटची ओळ मराठीत आहे. सोलापूरचे शिलालेख-संशोधक आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला. जो हे वाचील तो विजयी होईल, असा त्या ओळीचा आशय आहे. अक्षरे वाचण्यासाठी विजेरी बाजूने तिरकी धरावी, समोरून धरल्यास खाचा दिसत नाहीत. खडू, पीठ किंवा पाणी लावून अक्षरे उठवण्याचा प्रयत्न करू नये. खाण्याची सोय मर्यादित असल्याने कडक भाकरी, चटणी आणि पुरेसे पाणी बरोबर न्यावे. पावसाळ्यात वरच्या बाजूला उजनी धरणातून भीमेत पाणी सोडलेले असल्यास संगमाचे पाणी झपाट्याने वाढते आणि घाटाच्या पायऱ्या दिसेनाशा होतात. त्या दिवसांत निघण्यापूर्वी उजनीचा विसर्ग वर्तमानपत्रात पाहून घ्यावा आणि गावात पोहोचल्यावर काठाकडे जाण्याआधी पारावर बसलेल्या कोणाला तरी नदीची अवस्था विचारावी.